बाहुल्यांच्या प्रयोगावरून आलेला एक प्रश्न: कृष्णवर्णीयांची मुक्ती, वंशभान आणि मानसशास्त्र

प्रश्न एम.ए. मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: वर्गात केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग शिकवला. कृष्णवर्णीय मुलांना स्वतःचाच तिरस्कार वाटतो हे त्यातून सिद्ध झालं, असं सांगितलं. मग अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची मुक्तीची चळवळ आणि 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' (काळं तेही सुंदर) या घोषणेतलं वंशभान, म्हणजे आपल्या वंशाची जाण, हा त्या तिरस्कारावरचा सामूहिक उपचार समजायचा का? आणि मुळात हा राजकारणाचा विषय असेल, तर तिथे मानसशास्त्राचं काम काय?

मी समुपदेशनात पंचवीसेक वर्षं आहे. सुरुवातीची काही पुण्यात गेली, नंतरची बरीच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात. तिथे माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसं कृष्णवर्णीय होती. तुम्हाला जे शिकवलं तेच मलाही शिकवलं होतं आणि तेच डोक्यात घेऊन मी तिथे गेले होते. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी तो प्रयोग जवळून पाहू, कारण पाठ्यपुस्तकात त्याचा एक परिच्छेद होतो आणि त्यातलं मूल दिसेनासं होतं. कल्पनेचं मूळ मेमी क्लार्क यांच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या १९३९च्या प्रबंधात आहे. लहान कृष्णवर्णीय मुलांना 'मी कोण' याची जाणीव कधी आणि कशी होते, हा त्यांचा विषय होता. मग नवराबायकोंनी मिळून काम वाढवलं. ३ ते ७ वर्षांची २५३ मुलं घेतली. काही दक्षिणेतल्या आर्कान्सास राज्यातली, जिथे शाळाच वेगळ्या होत्या. काही मॅसॅच्युसेट्समधली, जिथे गोरी-काळी मुलं एका वर्गात बसत. मुलासमोर चार बाहुल्या ठेवायच्या. साचा एक, चेहरा एक, अंगावर फक्त लंगोट. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. मग एकेक मागायची. तुला खेळायला आवडेल ती दे. छान आहे ती दे. वाईट दिसते ती दे. छान रंगाची दे. गोऱ्या मुलासारखी दिसते ती दे, निग्रो मुलासारखी दिसते ती दे. आणि सगळ्यात शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे.

हा क्रम लक्षात घ्या. चार वर्षांच्या मुलीनं दोन मिनिटांपूर्वीच 'वाईट दिसते ती' म्हणून तपकिरी बाहुली उचलून दिलेली असते. आता तीच बाहुली 'माझ्यासारखी' म्हणून द्यायची वेळ येते. काही मुलं इथे रडली, काही उठून खोलीबाहेर गेली. दक्षिणेतली काही मुलं मात्र हसत तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवून स्वतःला तीच शिवी लावत, जी गोरे लोक त्यांना रोज घालत. हे हसणं आपल्याला रडण्याइतकंच अस्वस्थ करून गेलं, असं केनेथ क्लार्क यांनी पुढे सांगितलं आहे. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली घेतली. आणि जवळपास तेवढ्याच मुलांनी 'तुझ्यासारखी' म्हटल्यावर तपकिरी दिली, म्हणजे आपण कोण हे त्यांना नीट कळत होतं.

यातून काय सिद्ध होतं? माझ्या मते एवढंच, की कोणत्या रंगाला जगात काय भाव आहे हे मुलाला शाळेत जायच्या आधीच कळतं. भाव कळणं वेगळं आणि स्वतःला कमी लेखणं वेगळं. या दोन गोष्टी एकच धरल्या, तिथे आपल्या विषयाचा पाय घसरला. विल्यम क्रॉस या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञानं कितीतरी वर्षांचे अभ्यास चाळून हा फरक दाखवून दिला. माणसाचा वैयक्तिक आत्मसन्मान हा एक धागा आणि आपल्या समूहाकडे तो कसं पाहतो हा दुसरा. दोन्ही एकमेकांना बांधलेले असतातच असं नाही. १९७१मध्ये मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी असेल ही अपेक्षा होती, पण तो कमी निघाला नाही. मुलं स्वतःला आई, आजी, शेजारपाजार, चर्च, गल्लीतले मित्र यांच्या डोळ्यांतून तोलत होती. गोऱ्यांचं मत त्यांना ठाऊक होतं, पण स्वतःची किंमत ठरवायला ती ते वापरत नव्हती.

मग 'स्वतःचा तिरस्कार' हेच वाक्य सगळीकडे का रुजलं? त्यामागे एक न्यायालयीन कहाणी आहे. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'ब्राउन' खटल्यात सरकारी शाळांतलं वांशिक विभाजन एकमतानं घटनाबाह्य ठरवलं. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांचं काम आलं. विभाजनामुळे मुलांच्या मनात कमीपणाची भावना निर्माण होते, असं न्यायालयानं म्हटलं. निकाल मोठाच होता, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी न्यायालयापुढे ठेवलेल्या निवेदनात एक अर्धा भाग आणखी होता: विभाजनानं गोऱ्या मुलांच्याही मनाची हानी होते, त्यांना दुसऱ्याला खाली पाहून स्वतःला मोठं समजायची सवय लागते. तो अर्धा भाग निकालात उतरला नाही. इजा झालेलं मूल तेवढं कागदावर राहिलं. ज्या मनात इजा करण्याची रीत घडत होती, ते मन राहिलं नाही. पुढच्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांनी तोच अर्धा कागद उतरवून घेतला, आणि तुमच्या वर्गात पोचला तोही तोच.

आता 'उपचार' या शब्दाकडे येते. या बाबतीत तो वापरताना माझा हात अडतो, कारण आपल्या शास्त्राचा इतिहास तसा आहे. १८५१मध्ये लुईझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं एक नवा आजार जाहीर केला, 'ड्रॅपेटोमेनिया'. लक्षण काय, तर गुलाम मालकाकडून पळून जातो. उपाय काय, तर त्याला कायम खाली दाबून ठेवायचं आणि तो कुरकुरायला लागला की पळायच्या आधीच चाबकानं फोडायचं. हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. स्वातंत्र्याची ओढ हा मेंदूचा बिघाड ठरला, आणि माणूस विकत घेणाऱ्याला मात्र कोणतंच निदान लागलं नाही.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, तर बरं झालं असतं. पण १९६८मध्ये, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, दोन मनोविकारतज्ज्ञांनी 'निषेधाचा मनोविकार' अशा अर्थाचा निबंध एका मान्यवर नियतकालिकात छापला. काळ्या राष्ट्रवादाच्या कल्पनांनी कृष्णवर्णीय पुरुषांच्या भ्रमांना रंग चढतो, असा त्याचा सूर होता. १९७४मध्ये हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाच्या जाहिरातीत मूठ आवळलेला संतप्त कृष्णवर्णीय माणूस काढला होता. आधीच्या दशकांत ज्या स्किझोफ्रेनियाचं निदान बहुतांशी शांत, घरातल्या गोऱ्या स्त्रियांबाबत व्हायचं, तेच याच काळात मिशिगनमधल्या आयोनियाच्या सरकारी मनोरुग्णालयात कृष्णवर्णीय पुरुषांबाबत भराभर होऊ लागलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं वंशवादातल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१मध्ये.

याच संघटनेच्या अधिवेशनात १ सप्टेंबर १९६७ रोजी मार्टिन लूथर किंग बोलले होते. मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी 'समायोजन बिघडलेला' हा शब्द सतत असतो, तो त्यांनी उचलला. समाजात काही गोष्टी अशा आहेत की त्यांच्याशी आपण कधीच जुळवून घेता कामा नये, वांशिक भेदभाव ही त्यातली एक, असं ते म्हणाले. समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येकानं हे भाषण वाचावं. आपलं अर्धं प्रशिक्षण माणसाला परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवण्याचं असतं, आणि परिस्थितीच विकृत असेल तर काय करायचं यावर पुस्तकं गप्प असतात.

पुढच्याच वर्षी, १९६८मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी वेगळी चूल मांडली, 'असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स'. त्यांच्यातले जोसेफ व्हाइट यांनी १९७०मध्ये आपला लेख विद्वानांच्या नियतकालिकात न देता 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापला. गोऱ्यांना मापदंड धरून बांधलेल्या सिद्धांतांतून कृष्णवर्णीयांचं जगणं कायम 'कमतरता' म्हणूनच दिसणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आजीनं नातवंडं वाढवलेलं घर 'मोडकं कुटुंब' म्हणून नोंदलं जात होतं; व्हाइट विचारत होते की त्या घराची ताकद कोण मोजणार. या मंडळींच्या कामाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचणीच्या आकड्यावरून कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात ढकलत असत. 'लॅरी पी.' खटल्यात १९७९मध्ये तिथल्या न्यायालयानं या कामासाठी त्या चाचण्या वापरायला बंदी केली. मानसशास्त्राचं तिथे काम काय, या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे: आपणच घडवलेली मापं तपासणं आणि चुकीची असतील तर मोडणं.

उरलेलं निम्मं वंशभानाविषयी. क्रॉस यांनी १९७१मध्ये 'निग्रो'पासून 'ब्लॅक' होण्यापर्यंतचा प्रवास टप्प्यांत मांडला. आधी वंश ही आपल्या आयुष्यातली फारशी महत्त्वाची बाब वाटत नाही. मग काहीतरी घडतं, धक्का बसतो. बऱ्याच जणांना तो ४ एप्रिल १९६८ला किंग यांच्या खुनानं बसला. त्यानंतर माणूस आपल्या काळेपणात पूर्ण बुडी मारतो: कपडे, केस, नावं, पुस्तकं, मित्र सगळं बदलतो आणि गोरं ते सगळं नाकारतो. हळूहळू तो वर येतो, आणि शेवटी ते भान मुरतं. मुरलेल्या लोणच्यासारखं म्हणा हवं तर. वेगळं दाखवावं लागत नाही, सगळ्याला लागलेलं असतं. पुढे १९९१मध्ये क्रॉस यांनी आपलीच मांडणी दुरुस्त केली. पहिल्या टप्प्यातला माणूस आजारी किंवा आत्मतिरस्कारानं ग्रासलेला असतोच असं नाही, तो पोटापाण्यात, धर्मात, संसारात रमलेला साधा निरोगी माणूसही असू शकतो, हे त्यांनी कबूल केलं. स्वतःचा गाजलेला सिद्धांत असा उघडपणे दुरुस्त करणारे लोक आमच्या क्षेत्रात थोडे.

हे टप्पे पाठ करून क्लायंटवर चिकटवू नका. माझ्याकडे एक १९ वर्षांची मुलगी यायची. (इथल्या सगळ्या माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.) लहानपणापासून दर काही आठवड्यांनी तिचे केस औषध लावून सरळ केले जायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षात तिनं ते बंद केलं, डोकं जवळजवळ भादरलं आणि नवीन केस जसे येतील तसे येऊ दिले. आई घाबरून तिला घेऊन आली होती. मुलगी म्हणाली, "माझ्या केसांचा मूळ पोत कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी ते पाहिलेच नव्हते." त्या वाक्यात तिरस्कारापेक्षा कुतूहल होतं. आईची भीतीही खोटी नव्हती; अशा केसांनी नोकरी मिळत नाही, हे तिनं स्वतः भोगलेलं होतं. दोघींपैकी कोणालाच आजार नव्हता.

रॉबर्ट सेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये आणखी एक उपयोगी फोड केली: आपल्या समूहाबद्दल मला काय वाटतं, आणि जगाला त्याबद्दल काय वाटतं असं मला वाटतं. जग आपल्याला कमी लेखतं हे ज्या तरुणांना आधीपासून ठाऊक असतं, त्यांना भेदभावाचा प्रसंग आला तर मानसिक तडाखा तुलनेनं कमी बसतो, असं या गटाच्या पुढच्या अभ्यासांत दिसलं. कृष्णवर्णीय आईबाप मुलांना लहानपणीच कडू गोष्टी सांगतात, त्यामागचं शहाणपण इथे आकड्यांत उतरलेलं आहे.

ते शहाणपण मला शिकवलं ते पन्नाशीतल्या एका बसचालकानं. डेपोत वरिष्ठाशी भांडण झालं म्हणून त्याला 'राग नियंत्रणा'साठी माझ्याकडे पाठवलं होतं. येऊन दाराकडे तोंड करून बसायचा. बसायच्या आधी खिशातून पाकीट आणि लायसन काढून टेबलावर ठेवायचा आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे. तासभर हात तिथून फारसे हलायचे नाहीत. मी टिपणात लिहिलं: अतिसावध, संशयी. माझं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ बाई स्वतः कृष्णवर्णीय होत्या. त्यांनी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "हे त्याला कोणी शिकवलं, विचारलंस का?"

पुढच्या आठवड्यात विचारलं. वडिलांनी शिकवलं होतं, सोळाव्या वर्षी, गाडीचं लायसन मिळालं त्या दिवशी. पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेवायचे, कागद आधीच बाहेर काढलेले असले पाहिजेत, काहीही झटकन करायचं नाही. त्यानं स्वतःच्या दोन मुलांनाही तेच शिकवलं होतं. उभ्या गाडीत मुलांना बसवून स्वतः पोलीस झाला होता, तीनदा. "धाकटा हसत होता, त्याला खेळ वाटला," असं सांगताना तो पहिल्यांदा रडला. आणि डेपोतलं भांडण? त्यानंच शिकवून तयार केलेला कनिष्ठ त्याला ओलांडून वर गेला होता. अशी ती तिसरी वेळ होती. मी मात्र चार आठवडे त्याला रागाला एक ते दहा गुण द्यायला लावत होते. त्या चार आठवड्यांची मला अजून लाज वाटते.

त्याला बरं वाटायला लागलं ते माझ्या कागदांमुळे नव्हे. त्यानं इतर चालकांशी बोलायला सुरुवात केली. चौघांचा अनुभव तोच निघाला. त्यांनी तारखा जुळवल्या आणि युनियनमार्फत एकत्र अर्ज केला. त्या वर्षी पदोन्नती मिळाली नाही, पण तो रात्री झोपायला लागला. 'माझ्यातच काहीतरी कमी आहे का' हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं खात होता. बाकीच्यांच्या तारखा आपल्या तारखांशेजारी ठेवल्यावर तो प्रश्न गळून पडला. वंशभान म्हणजे मला तरी हे कळलं: जे एकट्याचं अपयश वाटत होतं ते सगळ्यांशी होत आलेलं आहे, हे दिसणं, आणि दिसल्यावर एकटं न राहणं.

हेच फ्रांत्झ फानोन वेगळ्या वाटेनं सांगून गेला. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत १९२५ साली जन्मलेला, फ्रान्समध्ये शिकलेला हा मनोविकारतज्ज्ञ १९५३मध्ये तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या रुग्णालयात रुजू झाला. त्यानं वॉर्डात चित्रपट, वार्तापत्र, समारंभ सुरू केले. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात ते उत्तम चाललं, अल्जीरियन पुरुषांच्या वॉर्डात साफ आपटलं. दोष रुग्णांना न देता त्यानं आपली पद्धत तपासली. मग तिथे त्यांच्या पद्धतीचं कॉफीघर आलं, कथेकरी आला, सणवार पाळले जाऊ लागले, आणि माणसं बोलायला लागली. १९५६च्या राजीनाम्यात त्याचा मुद्दा असा होता: माणूस आपल्या परिसरात परका राहू नये हे मनोविकारशास्त्राचं उद्दिष्ट, पण अल्जीरियन माणूस स्वतःच्या देशातच कायमचा परका करून ठेवला असेल, तर मी इथे बसून कोणाला बरा करतोय?

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणारा तरुण नेता स्टीव्ह बिको आणि त्याच्या सोबत्यांनी 'ब्लॅक कॉन्शसनेस', म्हणजे काळेपणाचं भान, या चळवळीतून हा विचार संघटनेत आणला. 'नॉन-व्हाइट' म्हणजे 'गोरे नसलेले' ही ओळख त्यांनी टाकून दिली, कारण तिच्यात माणसाचं नावच दुसऱ्याच्या नकारातून येतं. 'ब्लॅक' हा शब्द घेतला आणि त्यात दडपल्या गेलेल्या सगळ्यांना धरलं, डर्बनच्या भारतीयांनाही. त्यांतले सॅथ्स कूपर तुरुंगात गेले, रॉबेन बेटावर वर्षं काढली, पुढे मानसशास्त्रज्ञ झाले आणि जागतिक मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षही झाले. बिको १२ सप्टेंबर १९७७ला पोलीस कोठडीतल्या मारहाणीनं गेला. या चळवळीनं भानाबरोबर दवाखानाही काढला होता, किंग विल्यम्स टाउनजवळचा झानेम्पिलो. नुसत्या घोषणांनी मन उभं राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मराठी वाचकाला हे सगळं अगदी परकं नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. पण म्हणून जात आणि वंश एकच समजून क्रॉसच्या टप्प्यांवर बेतलेली प्रश्नावली इथल्या मुलांना भाषांतर करून देऊ नका. तसं केलं तर व्हाइट ज्याविरुद्ध लिहीत होते, तेच आपण इथे करू.

आणि बाहुल्या? अमेरिकेतल्या एका मराठी आईनं आपल्या पाच वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणलं होतं. मुलगी वर्गातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीचा हात धरायला तयार नव्हती. "आमच्या घरात असलं काही कोणी बोलत नाही हो," आई कळवळून सांगत होती, आणि ते खरंही होतं. मी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हणते उन्हात खेळू नको, काळी पडशील." आजी नाशिकला, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, मायेनंच बोलत होती. पाच वर्षांच्या पोरीला कोणत्या रंगाला काय भाव याचा तक्ता तोंडपाठ झाला होता, आणि तिच्या बाबतीत 'आत्मतिरस्कार' हा शब्द काढायचं कोणाला सुचलंही नसतं.

तेव्हा परीक्षेत या प्रयोगावर टीप आली, तर आकडे लिहाच. पण बाहुल्या कोणत्या क्रमानं मागितल्या तेही लिहा, क्रॉस यांनी केलेला फरक लिहा, आणि न्यायालयापुढच्या निवेदनातला तो गळलेला अर्धा भाग लिहा. तुमच्या बाईंना वेगळं वाटत असेल तर वर्गात हात वर करून विचारा: ज्या मुलांनी कोणाला तरी खाली पाहायला शिकलं, त्यांच्या मनाचा प्रयोग कोणत्या पानावर आहे?